पिल्लाला बाहेरची सवय

दिवाळी सरली, भात झोडून झाले, की आमच्या कर्जत-खालापूरकडच्या वाड्यांतून कुत्रीची पिल्ले दिसू लागतात. आपली गावठी कुत्री बहुतेक वर्षातून एकदाच विते. पावसाळ्याच्या शेवटी ती माजावर येते. मग साधारण नऊ आठवड्यांनी, म्हणजे थंडीच्या तोंडाला, पिल्ले होतात. कुठे पेंढ्याच्या उडवीखाली, कुठे पडक्या गोठ्यात. घरातली पोरे त्यांतले एखादे गुबगुबीत पिल्लू पोटाशी धरून घरी आणतात. आई ओरडते. आजी कपाळाला हात लावते. आणि पिल्लू घरात राहते. असे दरसाल चालते.

पहिले चार दिवस कौतुकाचे. पाचव्या दिवसापासून भांडण सुरू. कारण काय? पिल्लू ओटीवर मुतते. चुलीच्या कडेला घाण करते. अंगणात धान्य वाळत घातले असेल तर नेमके त्यावर जाऊन बसते. मग कोणी त्याला लाथ घालतो, कोणी फोक मारतो. शेवटी एके रात्री घरधनी ते गोणीत घालतो आणि लांब कुठेतरी हमरस्त्याला सोडून येतो. तिथे ते गाडीखाली सापडते. पिल्लाचा गुन्हा एवढाच, की त्याला कोणी शिकवले नव्हते.

पिल्लाला शिकवता येते. ठरलेल्या जागी जायला शिकवता येते. एवढेच नव्हे, तर आपण एक शब्द उच्चारला की त्याने तिथे मोकळे व्हावे, हेही शिकवता येते. यावर काही मंडळी हसतील. म्हणतील, "गुरुजी, शाळेतली पोरं आटपली वाटतं, आता कुत्री शिकवायला घेतलीत!" हसू द्या. पण हे काम तुमच्या घरातल्या प्रत्येक आईने केलेले आहे. ते कसे, बघा.

आईची शूऽऽ

तान्हे पोर झोपेतून उठले, की आई त्याला उचलते. दोन्ही पायांवर बसवते. आणि तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज काढते. पोर मुतते. आई म्हणते, "शहाणं गं माझं!" असे दिवसातून दहा वेळा. महिना-दोन महिने गेले, की नुसते पायावर बसवून 'शूऽऽ' म्हटले तरी पोराला होते. पोराला शब्दाचा अर्थ कळतो काय? मुळीच नाही. त्याच्या शरीराने एक जोड बांधलेली असते. हा आवाज आला, की हे काम.

बैलाचेही तसेच. बैल पाण्यावर नेला, की कित्येक गडी हळू शीळ घालतात. शीळ ऐकली की बैल निवांत पाणी पितो. हे बैलाला कोणी पुस्तक उघडून शिकवले नाही. रोज पाणी आणि शीळ एकत्र आली, म्हणून जोड बसली.

रशिया देशात इव्हान पावलोव्ह नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. अन्न कसे पचते याचा त्यांनी अभ्यास केला. त्याबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते कुत्र्यांवर प्रयोग करीत. अन्न पाहिले की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण पावलोव्ह यांनी काय केले? अन्न देण्याच्या जरा आधी दरवेळी एक आवाज काढायचा. कधी टिकटिक करणारे यंत्र, कधी दुसरे काही. असे पुष्कळदा केल्यावर अन्न न देता नुसता आवाज काढला. तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटले! जे आपल्या आयाबाया पूर्वीपासून करीत आल्या, ते त्यांनी मोजून, लिहून दाखवले. मोजून लिहिले, म्हणून जगाला पटले.

युरोपात आणि अमेरिकेत आंधळ्या माणसांना वाट दाखवणारे कुत्रे असतात. पहिल्या महायुद्धात पुष्कळ जर्मन सैनिकांचे डोळे गेले. त्यांच्यासाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग गावी असे कुत्रे तयार करण्याची शाळा निघाली. पुढे इतर देशांतही निघाल्या. आज या कुत्र्यांना लहानपणीच शब्दावर मोकळे होणे शिकवतात. आंधळ्या माणसाला कुत्र्याची घाण दिसणार कशी? जागा आणि वेळ ठरलेली असली, तरच तो ती उचलू शकतो. शिवाय मालकाला घेऊन भर रस्ता ओलांडताना कुत्रा मध्येच बसला, तर दोघांच्याही जिवावर बेतेल.

आणखी एक गोष्ट सांगतो. १९५७ सालच्या ३ नोव्हेंबरला रशियाने लायका नावाची कुत्री यानात बसवून अंतराळात पाठवली. ती काही उंची जातीची नव्हती. मॉस्को शहराच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. यानात जागा अगदी लहान. म्हणून तिला आणि तिच्या जोडीच्या कुत्र्यांना आधी लहान पिंजऱ्यांत ठेवून सवय केली. प्रत्येक वेळी पिंजरा आणखी लहान. वीस-वीस दिवसांपर्यंत ठेवत. तेव्हा काय झाले? कुत्र्यांनी मलमूत्र करणेच थांबवले. जुलाबाचे औषध दिले, तरी उपयोग होईना. शेवटी दीर्घ सरावानेच ती त्या जागेला रुळली. बिचारी लायका परत आली नाही. पण कुत्रा किती धरून ठेवू शकतो आणि जागेची सवय त्याला किती लागते, हे त्यावरून ध्यानात येते.

घाण नुसती घाण नसते

आपण खेड्यातली माणसे. शेणाला आपण किळस मानीत नाही. शेणाने घर सारवतो, शेताला खत घालतो. म्हणून कुणाला वाटेल, कुत्र्याने परसात घाण केली तर काय बिघडले? खतच होईल.

तसे नाही. गाय गवत खाते. कुत्रा मांस, उष्टे, मेलेले उंदीर, काय वाटेल ते खातो. त्याच्या पोटात जंत असतात. पिल्लाच्या पोटात तर ते आईच्या पोटातूनच येतात, आणि नंतर दुधातूनही. पिल्लाच्या विष्ठेतून या जंतांची अंडी बाहेर पडतात. ती इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच बाधत नाहीत. पण मातीत दोन-तीन आठवडे राहिली की ती तयार होतात, आणि मग महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षे मातीत टिकतात. रांगते पोर त्या मातीत हात घालते आणि हात तोंडात घालते. मग तो जंत पोराच्या पोटातून यकृतात, फुप्फुसात, आणि कधी कधी डोळ्यात जातो. डोळ्यात गेला, तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकते.

दुसरा आकड्या जंत. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरते. कुत्र्याच्या जातीचा आकड्या माणसाच्या कातडीखालीच वळवळत फिरतो. पायावर नागमोडी लाल रेघ उठते आणि अतिशय खाज सुटते. आमच्याकडे अनवाणी चालणारे किती, हे मी तुम्हांला सांगायला नको.

तिसरी गोष्ट पावसाची. लेप्टो नावाचा ताप आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात होतो. डॉक्टर त्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. तो मुख्यतः उंदराच्या मुतातून पसरतो. पण कुत्रा, गाय, डुक्कर यांच्या मुतातूनही पसरू शकतो. लावणीच्या वेळी चिखलात पाय असतो. पायाला चिरा, जखमा असतात. त्या वाटेने रोग शिरतो. वेळेवर औषध न मिळाल्यास यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊन माणूस दगावतो. लावणीच्या दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा, "मी चिखलात काम करतो."

म्हणून पिल्लाची जागा निवडताना विचार करा. विहीर, झरा, ओढा यांपासून ती लांब हवी. घराचे पाणी जिकडे वाहते, त्या उताराच्या खालच्या अंगाला हवी. भाताचे खाचर नको, भाजीचा वाफा नको, पोरांची खेळण्याची जागा तर नकोच. परसाच्या एका कोपऱ्यात चार हात लांब, चार हात रुंद जागा पुरे. माती किंवा थोडे गवत असले की झाले. गावकुसाबाहेर जिथे सगळी भटकी कुत्री येतात, तिथे लहान पिल्लाला नेऊ नका. भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून पिल्लांना रक्ताची हगवण लागते. डॉक्टर त्याला पार्व्हो म्हणतात. तो रोग मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि त्यात पिल्लू चार दिवसांत मरू शकते.

विष्ठा रोजच्या रोज फावड्याने उचला. हातभर खोल खड्ड्यात टाकून वर माती ओढा. मग हात साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने नव्हे.

पिल्लाचे शरीर कसे असते

नुकते जन्मलेले पिल्लू आपणहून मुतूही शकत नाही. आई त्याचे पोट आणि खालचा भाग चाटते, तेव्हा त्याला होते. ती घाण आई स्वतःच चाटून टाकते. म्हणून कुत्रीची जागा स्वच्छ असते. तीन आठवड्यांचे झाले की पिल्लू आपले आपण करू लागते. आणि तेव्हापासून ते निजायची जागा सोडून थोडे लांब जाऊन बसते. हे त्याला उपजत येते. आपली निजायची जागा ते शक्यतो घाण करीत नाही. आपली सगळी शिकवण याच एका गुणावर उभी आहे.

पोरे महिन्याभराचे पिल्लू उचलून आणतात, ती चूक. ते आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहू द्यावे. स्वच्छतेचे पहिले धडे आईच देते.

दोन महिन्यांचे पिल्लू फार तर दोन-तीन तास धरू शकते, तेही झोपेत असेल तर. खेळत असले, की तासाभरातच त्याला बाहेर जावे लागते. जसजसे महिने वाढतात तसतसा दम वाढतो. पुरा ताबा यायला चार ते सहा महिने लागतात. तोवर चूक झाली, तर तो त्याचा खोडसाळपणा नाही. त्याच्या अंगात अजून तेवढी ताकदच आलेली नाही.

त्याला केव्हा होते, हे मात्र जवळजवळ घड्याळासारखे सांगता येते. झोपेतून उठल्या उठल्या. खाऊन झाल्यावर पाच मिनिटे ते अर्धा तास, एवढ्यात. पाणी प्याल्यावर. खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगू लागले, गोल फिरू लागले, तर समजावे की आता वेळ नाही.

खाण्याच्या वेळा ठरवा. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्या. भात-आमटीचे उष्टे दिवसभर समोर पडलेले असेल, तर जाण्याची वेळही ठरणार नाही. आणखी एक. कौतुकाने वाटीभर गाईचे दूध पाजू नका. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही, जुलाब होतात. जुलाब लागलेल्या पिल्लाला कोण काय शिकवणार?

शब्द कोणता घ्यावा

आता एक हकिगत सांगतो. कर्जत तालुक्यात हल्ली मुंबईकरांची फार्महाऊसे फार झाली आहेत. आमच्याकडची कित्येक माणसे तिथे राखणदार म्हणून राहतात. असा एक राखणदार एकदा माझ्याकडे आला. मालकांनी मे महिन्यात मुंबईहून लॅब्राडॉर जातीचे पिल्लू आणून त्याच्या हवाली केले होते. व्हरांड्याला पांढरीशुभ्र फरशी. पिल्लू बाहेर चिखलात जाईना, फरशीवरच घाण करी. मालकांनी फोनवर सांगितले होते, पुढच्या खेपेला फरशीवर डाग दिसला तर मी दुसरा माणूस बघतो.

तो म्हणाला, "गुरुजी, चाबकानं मारलं त्याला. तरी ऐकत नाय. आता माजी नोकरी जानार बघा."

मी विचारले, "अरे, तुझं लेकरू केवढं आहे?"

"सात महिन्याचं."

"त्याला चाबकानं शिकवतोस का?"

तो गप्प बसला. मग मी वर लिहिले ते सगळे त्याला सांगितले. त्याने घरी जाऊन बायकोला सांगितले. ती बाई हुशार. ती म्हणाली, "अवो, येवडंच ना? मी शिकवते." पिल्लू उठले की ती त्याला उचलून झाडाखाली नेई, आणि पोराला म्हणतात तसे 'शूऽऽ' म्हणे. दहा-बारा दिवसांत पिल्लू शिकले! पण पुढे मोठी गंमत झाली. एक दिवस ती व्हरांड्यात पोराला पायावर घेऊन बसली आणि 'शूऽऽ' म्हणाली. पोराला झाले. आणि शेजारी बसलेल्या पिल्लालाही झाले, फरशीवरच.

म्हणून सांगतो, शब्द असा घ्या जो घरात दुसऱ्या कामाला वापरला जात नाही. 'चल', 'बस', 'जा' हे शब्द दिवसातून शंभर वेळा येतात, ते नकोत. त्या बाईने पुढे 'मोकळ' हा शब्द धरला. तुम्हीही तो घ्या, हवा तर. मोकळा की मोकळी, असा व्याकरणाचा विचार मी मास्तर असूनही करीत नाही. कुत्र्याला लिंग-वचन कळत नाही, आवाज कळतो. घरातल्या सगळ्यांनी मात्र तोच एक शब्द, त्याच सुरात म्हणावा. आजोबा एक म्हणतात, नातू दुसरे म्हणतो, असे झाले की पिल्लू गोंधळते.

शिकवण्याची रीत

पिल्लाला निजायला लहानसा लाकडी खोका किंवा बांबूची पाटी द्या. आत गोणपाट टाका. जागा एवढीच असावी, की त्याला उभे राहता यावे आणि वळता यावे. फार मोठी असली, तर ते एका कोपऱ्यात निजेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करील. पण तासन्‌तास कोंडून ठेवू नका. कोंडून राहिले आणि नाइलाजाने तिथेच केले, की त्याचा तो उपजत गुण मोडतो.

पिल्लू उठले, की लगेच उचला. चालवत नेऊ नका, वाटेतच बसेल. गळ्यात सैल सुती दोरी असावी. दरवेळी त्याच वाटेने, त्याच कोपऱ्यात न्या. तिथे खाली ठेवा आणि गप्प उभे राहा. खेळू नका, बोलू नका. पिल्लू हुंगेल, फिरेल. पाच मिनिटे धीर धरा.

ते बसले आणि सुरू झाले, की हलक्या आवाजात म्हणा, 'मोकळ'. आधी म्हणू नका. पहिले आठ-दहा दिवस शब्द कामाच्या बरोबरच आला पाहिजे. पिल्लू फुलपाखरामागे धावत आहे आणि तुम्ही 'मोकळ, मोकळ' ओरडत आहात, असे केल्यास त्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ 'फुलपाखरू' असाच होईल.

पुरते आटोपले, की लगेच शाबासकी. लगेच म्हणजे दोन श्वासांच्या आत. भाकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, किंवा सुकटीचा एखादा दाणा. सुकट खारी असते, म्हणून एकच. खाऊ खिशातच ठेवा. घरात जाऊन, डबा उघडून, मग दिलात, तर पिल्लाला वाटते की घरात आल्याबद्दल मिळाला. शेवट होण्याआधीही देऊ नका. अर्ध्यात उठेल, आणि उरलेले घरात येऊन करील.

मग थोडा वेळ तिथेच खेळवा. ही खुबी पुष्कळांना ठाऊक नसते. झाल्याबरोबर घरात आणून बांधले, तर पिल्लू हिशेब करते, की लवकर आटोपले तर मौज संपते. मग ते मुद्दाम वेळ लावते.

पाच मिनिटांत झाले नाही, तर रागावू नका. आत आणून खोक्यात ठेवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या.

दहा दिवसांनी शब्द जरा अलीकडे आणा. ते हुंगत गोल फिरू लागले, की म्हणा. आणखी आठवड्याने कोपऱ्यात पाय ठेवताच म्हणा. शब्द ऐकून ते खाली बसले, की समजा धडा पाठ झाला. साधारण महिनाभर लागतो. एखादे पंधरा दिवसांत शिकते, एखाद्याला दोन महिने लागतात. वर्गातही असेच असते. खाऊ मग हळूहळू कमी करा, पण तोंडी शाबासकी सोडू नका.

रात्रीचे काय? निजण्याआधी दोन तास खाणे बंद. निजताना एकदा बाहेर. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला मध्यरात्रीही एकदा न्यावे लागते. ते कुंईकुंई करील, तेव्हा उठा. कंदील-बॅटरी हातात असू द्या. विंचू-सापाची भीती असते. माथेरान आणि भीमाशंकरच्या रानाला लागून असलेल्या वाड्यांनी आणखी जपावे. बिबट्याला कुत्रा फार आवडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला, त्यात कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. रात्री पिल्लाला एकटे सोडू नका, आणि पोराला तर त्याच्याबरोबर मुळीच पाठवू नका. शब्दावर मोकळे होणारे पिल्लू इथे उपयोगी पडते. अंधारात अर्धा तास उभे राहावे लागत नाही. मिनिटभरात काम होते आणि दोघेही आत येता.

मारू नये ते का

घरात घाण केली, की पुष्कळ लोक पिल्लाची मान धरून त्याचे तोंड त्या घाणीत घासतात. आमच्या लहानपणी थोरली माणसे असेच करीत. ही रीत वाईट, आणि निरुपयोगीही. अर्ध्या तासापूर्वी केलेल्या घाणीचा आणि आताच्या माराचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. त्याला एवढेच कळते, की घाण आणि मालक एकत्र आले की मार बसतो. मग ते काय शिकते? मालकासमोर करायचे नाही. कणगीमागे, खाटेखाली, लपून करायचे. तुम्ही त्याला बाहेर घेऊन उभे राहाल, तेव्हाही ते भीतीने करणार नाही, आणि आत येऊन कोपऱ्यात करील. त्या राखणदाराच्या पिल्लाचे नेमके हेच झाले होते.

डोळ्यांसमोर करताना दिसले, तर एक टाळी वाजवा, उचला आणि बाहेर कोपऱ्यात न्या. उरलेले तिथे केले तर शाबासकी द्या. नंतर सापडले, तर मुकाट्याने पुसा. चूक आपली. आपले लक्ष नव्हते.

पुसायचे मात्र नीट. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण. जिथे वास राहिला, तिथे ते पुन्हा जाते. मातीच्या जमिनीवर नुसता शेणाचा पोतेरा फिरवला, तर वास आपल्या नाकाला लपतो, त्याच्या नाकाला नाही. वरची ओली माती खरवडून टाका आणि मग नवी माती घालून सारवा. फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. उलट, बाहेरच्या कोपऱ्यात पहिल्या दिवशी थोडी मुताने भिजलेली माती नेऊन टाका. त्या वासाने पिल्लाला जागा कळते.

सुई आणि गोळी

पिल्लू घरात ठेवायचे, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक खेप घालावीच लागते. जंताचे औषध पिल्लाला दोन आठवड्यांचे असल्यापासून देतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. औषध वजनावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. पार्व्होची लस दीड-दोन महिन्यांपासून. पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची, लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे दरसाल.

रेबीजबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. हा रोग एकदा अंगात उठला, की माणूस बहुधा वाचत नाही. पण उठण्याआधी तो अडवता येतो. फ्रान्सचे लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले. पूर्वी आपल्याकडे पोटात चौदा सुया घेत. त्या भीतीने लोक मांत्रिकाकडे जात आणि मरत. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता हातावर चार-पाच वेळा सुई घेतात, तीही लहान. घरच्या पिल्लाचा दात खेळताना लागला आणि रक्त आले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट भरू नका. गंडा बांधून घेत बसू नका.

पाऊस लागल्यावर

थंडीत आणलेले पिल्लू डिसेंबर-जानेवारीत दोन महिन्यांचे होते. तेव्हा जमीन कोरडी असते, शेतीची कामेही जरा सैल. शिकवायला हाच हंगाम. मृगाचा पाऊस येईपर्यंत ते सात-आठ महिन्यांचे झालेले असते आणि शब्द पक्का झालेला असतो. आमच्याकडचा पाऊस तुम्ही जाणताच. एकदा लागला की चार-चार दिवस उसंत नाही. न शिकलेला कुत्रा पागोळ्यांखाली उभा राहून आत बघतो, आणि शेवटी पडवीतच बसतो. शिकलेल्याला खोळ डोक्यावर घेऊन एकदा कोपऱ्यापर्यंत न्यायचे आणि शब्द म्हणायचा, एवढेच. कोपऱ्यावर जुन्या पत्र्याचे लहान छप्पर टाकले तर फारच बरे. पावसात जागा कोरडी राहते आणि मूत वाहून खाचरात जात नाही.

त्या राखणदाराच्या पिल्लाला मात्र ऐन जून-जुलैत शिकवावे लागले. त्याने विटांवर पत्रा टाकून आंब्याखाली आडोसा केला. मालक आले, तेव्हा भर पाऊस होता. त्यांनी पिल्लू कुठे जाते ते विचारले. बाईने दार उघडले, पिल्लाला दोरी लावली, आडोशापर्यंत गेली आणि म्हणाली, 'मोकळ'. पिल्लू बसले. मालक छत्री घेऊन बघत उभे. मग त्यांनी स्वतः म्हणून पाहिले. पण पिल्लाचे आधीच झालेले होते, ते नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

शिकलेला कुत्रा कधी अचानक घरात करू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका. सारखे थोडे थोडे मूत होत असेल, मुतात रक्त दिसत असेल, खूप पाणी पीत असेल, तर तो आजारी आहे, डॉक्टरांना दाखवा. म्हातारा कुत्राही धरू शकत नाही. त्याला पुन्हा पिल्लासारखे दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते. शब्द मात्र त्याला बहुधा आठवत असतो.